कथा तीच, प्रकार वेगळा: साहित्याच्या पहिल्या अभ्यासाविषयी

आपल्याकडे विद्यार्थ्याला साहित्याची रीतसर ओळख होते ती साहित्यप्रकारांच्या वाटेने. 2019 साली आलेल्या अकरावीच्या मराठी युवकभारतीत नाटकाचा स्वतंत्र विभाग आहे, बारावीच्या पुस्तकात त्या जागी कथा आहे. पुढे पदवीच्या वर्गात कविता, कथा, कादंबरी, नाटक, आत्मचरित्र अशी एकेका प्रकाराची आळीपाळीने नेमणूक होते. ही मांडणी सोयीची आहे आणि तिचा हेतूही चांगला आहे. अडचण येते ती प्रकार समजावून देताना. कथानक, पात्रचित्रण, वातावरण, संवाद, भाषाशैली हे घटक कथेच्या टिपणात असतात, कादंबरीच्या टिपणात असतात आणि थोड्याफार फरकाने नाटकाच्याही. नाटकात संघर्ष असतो, कादंबरीचा पट विस्तृत असतो, कथेत एकच एक अनुभव असतो अशी वाक्ये विद्यार्थी पाठ करतो आणि उत्तरपत्रिकेत उतरवतो. पण श्री. ना. पेंडशांच्या 'रथचक्र'मध्ये संघर्ष नाही असे कोण म्हणेल? आणि 'घाशीराम कोतवाल'चा पट कुठल्या कादंबरीपेक्षा लहान आहे? व्याख्या चुकीच्या नसतात, पण समोरचे पुस्तक वाचायला त्या हाताशी येत नाहीत. प्रकार म्हणजे पुस्तकावर लावलेली चिठ्ठी, एवढीच समजूत मनात राहते.

त्याच अकरावीच्या पुस्तकात नाटकाचे तीन उतारे आहेत आणि त्यांतला एक पु. ल. देशपांडे यांच्या 'सुंदर मी होणार'मधला आहे. हे नाटक रुडॉल्फ बेझियर यांच्या 1930 सालच्या 'द बॅरेट्स ऑफ विम्पोल स्ट्रीट' या इंग्रजी नाटकावर आधारलेले आहे. एलिझाबेथ बॅरेट ही कवयित्री, तिचा हुकूमशहा बाप आणि तिच्या आयुष्यात आलेला रॉबर्ट ब्राउनिंग हा कवी, असा तिथला मामला. पु. लं.नी लंडनमधले ते घर उचलून एका संस्थानिकाच्या वाड्यात नेले. बापाची सत्ता इंग्रज घरात धर्मभावना आणि पैसा यांच्या जोरावर चालत होती, इथे ती राजेपणाच्या सवयीवर चालते. एवढ्या एका बदलाने नाटकाचा सारा अर्थ हलतो, कारण संस्थाने गेल्यानंतरच्या महाराष्ट्रात तो बाप एका मावळत्या व्यवस्थेचा प्रतिनिधी होऊन बसतो. विद्यार्थ्याच्या हातात रूपांतराचे इतके चांगले उदाहरण आयते असताना ते केवळ 'नाटक' म्हणून शिकवून पुढे जाणे ही मोठी संधी वाया घालवणे आहे. या लेखाचे म्हणणे थोडक्यात असे: साहित्यप्रकार व्याख्येतून कळत नाही, एक कथा एका प्रकारातून दुसऱ्या प्रकारात जाताना काय सोडते आणि काय नव्याने घेते ते पाहिले की कळतो. म्हणून रूपांतराचा अभ्यास पदवीच्या शेवटच्या वर्षातल्या एखाद्या ऐच्छिक विषयापुरता न ठेवता साहित्याच्या पहिल्या वर्गात आणला पाहिजे.

हा विचार आपल्याला पश्चिमेकडून उसना आणावा लागत नाही. दहाव्या शतकात धनंजयाने 'दशरूपक' लिहिले तेव्हा रूपकांचे प्रकार वस्तू, नेता आणि रस या तिहींवरून ठरवले. त्यात वस्तूची वर्गवारी करताना ती प्रख्यात आहे, कवीने कल्पिलेली आहे की दोहोंचे मिश्रण आहे, हा प्रश्न त्याने सुरुवातीलाच घेतला. नाटकाची कथा लोकांना आधी ठाऊक असलेली हवी, प्रकरणाची कथा कवीची स्वतःची हवी. म्हणजे कथा कुठून आली ही गोष्टच प्रकाराच्या व्याख्येत बसलेली आहे. पुढे तो कवीला मुभाही देतो: मूळ कथेत नायकाला किंवा रसाला बाध आणणारे काही असेल तर ते गाळावे किंवा वेगळ्या रीतीने मांडावे. त्याच्या आधी आनंदवर्धनाने 'ध्वन्यालोका'त हेच सांगितले होते, की केवळ घडलेले सांगून कवीचे काम होत नाही. मूळ कृतीशी इमान राखले की नाही, या प्रश्नात आजचा चित्रपट-समीक्षक जितका अडकतो तितके हे आचार्य कधीच अडकले नाहीत. त्यांचा प्रश्न होता की हा बदल या प्रकाराला मानवतो का. अभ्यासाच्या पहिल्या वर्गाला यापेक्षा चांगला प्रश्न सापडणे कठीण.

शाकुंतलाचे उदाहरण सर्वांना माहीत आहे, पण ते जवळून क्वचितच पाहिले जाते. महाभारताच्या आदिपर्वात शकुंतला मुलाला घेऊन दरबारात येते तेव्हा दुष्यंताला सारे आठवत असते. तो जाणूनबुजून तिला नाकारतो. ती गप्प बसत नाही, भर सभेत त्याच्याशी वाद घालते, सत्याचा आणि पितृत्वाचा धर्म त्याला ऐकवते. शेवटी आकाशवाणी होते आणि राजा म्हणतो की लोकांना संशय राहू नये म्हणून मी असा वागलो. कालिदासाने या कथेत दुर्वासाचा शाप घातला, अंगठी घातली, ती हरवली आणि कोळ्याकडून परत आणली. एका फटक्यात राजा दोषमुक्त झाला आणि दोघांच्या विरहाला करुणेची जागा मिळाली. 'वक्रोक्तिजीवित'कार कुंतकाने या शापाच्या योजनेचे कौतुक प्रकरणवक्रतेचा नमुना म्हणून केले आहे. परंतु हिशेबाची दुसरी बाजूही मांडली पाहिजे. आदिपर्वातली वाद घालणारी, स्वतःच्या हक्कावर उभी असलेली स्त्री नाटकात बरीच मावळली. रोमिला थापर यांनी 1999 साली शकुंतलेच्या या वेगवेगळ्या रूपांवर स्वतंत्र पुस्तक लिहून प्रत्येक रूपामागचा काळ आणि समाज दाखवला आहे. आख्यानात वंशाचा वारस सिद्ध होणे महत्त्वाचे होते, नाटकात दोन मनांची पुनर्भेट महत्त्वाची झाली. प्रकार बदलला तसा कथेचा केंद्रबिंदू सरकला. आख्यान आणि नाटक यांतला हा फरक एकदा असा दिसला की कुठल्याही व्याख्येची गरज उरत नाही.

याच कथेचा पुढचा टप्पा पुण्यात घडला. 31 ऑक्टोबर 1880 रोजी अण्णासाहेब किर्लोस्करांनी 'संगीत शाकुंतल'चा प्रयोग केला, पहिल्या चार अंकांचा. कालिदासाच्या श्लोकांच्या जागी गाता येतील अशी मराठी पदे आली, त्यांच्या चाली कीर्तनातून, लावणीतून, कर्नाटकी वळणाच्या गाण्यातून घेतल्या गेल्या आणि सूत्रधाराच्या एकट्याच्या गाण्यावर चालणारी जुनी पौराणिक नाटके मागे पडली. पात्र स्वतः बोलते आणि बोलता बोलता स्वतः गाते, हा संगीत नाटकाचा कणा या एका रूपांतरातून उभा राहिला. इथे एक गोष्ट ठळकपणे नोंदवायला हवी. रूपांतर तयार प्रकारांतून ये-जा करते हे अर्धेच सत्य आहे, कधीकधी ते नवा प्रकारच जन्माला घालते. मराठीतल्या या सर्वांत खास प्रकाराचा उगम संस्कृत नाटकाच्या रूपांतरात आहे, ही गोष्ट रूपांतराला दुय्यम मानणाऱ्यांनी जरूर विचारात घ्यावी.

किंबहुना मराठी वाङ्मयाचा पायाच या क्रियेवर उभा आहे. 1290 साली ज्ञानदेवांनी गीतेच्या 700 श्लोकांवर सुमारे 9000 ओव्या सांगितल्या आणि युद्धभूमीवरच्या संवादाला श्रोत्यांनी भरलेल्या सभेत आणून बसवले. ज्ञानेश्वरीत श्रोते आहेत, त्यांची मर्जी राखणारा वक्ता आहे, गुरूची प्रेमळ नजर आहे. मूळ गीतेत यांतले काहीच नाही. 1616 साली गोव्यात रायतूर येथे छापलेले फादर थॉमस स्टीफन्स यांचे 'ख्रिस्तपुराण' याहून धीट आहे. एका इंग्रज जेझुइटाने बायबलची कथा सुमारे 11,000 ओव्यांत बांधली आणि तिला पुराणाचा साज दिला. साष्टीतल्या नवख्रिस्ती श्रोत्यांच्या कानावर पुराण रुळलेले होते, तेव्हा नवी श्रद्धा जुन्या प्रकाराच्या आधाराने गेली. एकाच ग्रंथात प्रकाराची ताकद आणि प्रकाराचे राजकारण दोन्ही पाहायला मिळतात. आणि विसाव्या शतकात ग. दि. माडगूळकरांनी वाल्मीकींचे महाकाव्य 56 गीतांत आणले. 1 एप्रिल 1955 पासून वर्षभर पुणे आकाशवाणीवरून 'गीतरामायण' दर आठवड्याला प्रसारित झाले, सुधीर फडक्यांच्या संगीतात. महाकाव्यात कवी सांगतो, गीतात पात्र स्वतः गाते. त्यामुळे युद्धांचे, नगरवर्णनांचे, वंशावळींचे सगळे ओझे खाली ठेवून प्रत्येक प्रसंग एका मनःस्थितीवर येऊन थांबतो. 24,000 श्लोकांतून काय वगळले त्याची यादी विद्यार्थ्याला करायला सांगितली तर महाकाव्य आणि भावगीत यांतला भेद त्याने स्वतः शोधलेला असेल.

पहिल्या वर्गासाठी मी एकच कथा निवडायची म्हटले तर ययातीची निवडीन, कारण तिच्याभोवती मोजक्या वर्षांत तीन वेगवेगळे प्रयत्न झाले. आदिपर्वातली कथा छोटी आणि कठोर आहे. शुक्राचार्यांच्या शापाने ययातीला अकाली म्हातारपण येते, चार मुले ते घ्यायला नकार देतात, धाकटा पुरू तयार होतो, राजा हजार वर्षे भोग घेतो, भोगाने वासना शमत नाही हे त्याला कळते आणि तो तारुण्य परत करून पुरूला राज्य देतो. वि. स. खांडेकरांनी 1959 साली या कथेची कादंबरी केली तेव्हा त्यांनी ती ययाती, देवयानी आणि शर्मिष्ठा यांच्या तोंडी दिली. आख्यानातला सर्वज्ञ निवेदक गेला आणि त्याच्या जागी स्वतःची बाजू मांडणारे तीन आवाज आले. आता वाचकाला देवयानीच्या अहंकाराचे कारण तिच्याच तोंडून कळते आणि शर्मिष्ठेचे दुःख तिच्याच शब्दांत. उपदेशाचा सूर खांडेकरांच्या लेखनात आहे, तो सर्वांना रुचत नाही. पण एका घटनेला तीन तोंडे देण्याची सवलत कादंबरीला असते आणि ती त्यांनी पुरेपूर वापरली. 1966 साली वि. वा. शिरवाडकरांनी 'ययाति आणि देवयानी' लिहिले. ते संगीत नाटक आहे, जितेंद्र अभिषेकींच्या चालींचे. रंगमंचावर हजार वर्षे दाखवता येत नाहीत, आणि कोणी मनातल्या मनात पाने भरून आत्मपरीक्षणही करू शकत नाही. तिथे माणसे समोरासमोर उभी राहून एकमेकांना बोलतात, आणि बोलणे तोकडे पडते तिथे पद येते. या दोघांच्या मधल्या काळात, 1961 साली, गिरीश कार्नाडांचे कन्नड 'ययाति' आले. त्यांनी पुरूला चित्रलेखा नावाची पत्नी दिली. बापाने मुलाचे तारुण्य घेतले खरे, पण त्या मुलाच्या बायकोचे काय, हा प्रश्न आदिपर्वाला कधी पडला नव्हता. आख्यानात ती नाहीच. नाटकात ती समोर येऊन उभी राहते, जाब विचारते आणि शेवटी जीव देते. आख्यानकाराला जो प्रश्न विचारावासा वाटला नाही तो नाटककाराला टाळता येत नाही, कारण रंगमंचावर निर्णयाचे परिणाम कोणाच्या तरी देहावर दाखवावे लागतात. चार कृती एकत्र ठेवल्या की आख्यान, कादंबरी, संगीत नाटक आणि आधुनिक शोकांतिका हे चारही प्रकार आपापल्या कामासह दिसू लागतात.

या विषयावरचा जागतिक विचार कसा पुढे सरकला तेही थोडक्यात पाहावे लागेल. 1957 साली जॉर्ज ब्लूस्टोन यांनी कादंबरीवरून झालेल्या चित्रपटांचा अभ्यास करताना असे मांडले की शब्द मनात प्रतिमा उभी करतात आणि चित्रपट ती डोळ्यांसमोर ठेवतो, त्यामुळे दोघांची मापे वेगळी. 1982 साली जेरार जनेत यांनी एका संहितेवर दुसरी संहिता कशी लिहिली जाते याची तपशीलवार वर्गवारी केली. 2006 साली लिंडा हचन यांनी रूपांतराचा सिद्धांत मांडला आणि पुनरावृत्ती म्हणजे नक्कल नव्हे हा मुद्दा पक्का केला. या पन्नास वर्षांच्या वाटचालीत मुळाशी इमान हा निकष हळूहळू मागे गेला. मराठी वृत्तपत्रांतल्या परीक्षणांत मात्र 'कादंबरीला न्याय मिळाला का' हाच प्रश्न अजून मुख्य आहे. तो निरर्थक आहे असे मी म्हणत नाही, वाचकाचे पुस्तकावरचे प्रेम त्यातून बोलते. पण तो पहिला प्रश्न होऊ शकत नाही, याचा पुरावा मूळ लेखकांनीच देऊन ठेवला आहे. पेंडशांनी आपल्या 'गारंबीचा बापू' या कादंबरीचे नाटक स्वतः केले. जयवंत दळवींनी आपल्या 'अंधाराच्या पारंब्या' या कादंबरीवरून 'बॅरिस्टर' हे नाटक स्वतः लिहिले. लेखक तोच, कथा त्याची, हक्क त्याचे, तरीही त्याला गाळावे लागले, जोडावे लागले, क्रम बदलावा लागला. इथे बेइमानीचा आरोप करायला जागाच नाही. बदल प्रकाराने मागितला होता.

'नटसम्राट'कडे या नजरेने पाहिले तर चर्चेला वेगळे वळण मिळते. 23 डिसेंबर 1970 रोजी डॉ. श्रीराम लागूंनी अप्पासाहेब बेलवलकर रंगमंचावर प्रथम उभा केला, तेव्हापासून हे नाटक 'किंग लिअर'वरून घेतले की नाही यावर पुष्कळ शाई खर्च झाली. शिरवाडकरांनी 'मॅकबेथ'चा 'राजमुकुट' आणि 'ऑथेल्लो' ही रूपांतरे आधीच केली होती, त्यामुळे शेक्सपिअर त्यांच्या हाताखालून गेलेलाच होता. लिअरला तीन मुली आहेत, बेलवलकरांना एक मुलगा आणि एक मुलगी. लिअरच्या नाटकात राणी नाही, इथे कावेरी आहे. बापावर खरे प्रेम करणारी कॉर्डिलिया इथे नाही आणि तिची जागा मुलांपैकी कोणीच घेत नाही. मराठी मध्यमवर्गीय कुटुंबनाट्यात म्हातारपणाचा आधार कोण, या प्रश्नाचे उत्तर शिरवाडकरांनी पत्नीकडे ठेवले आणि तिला मध्येच काढून घेतले. राजाची शोकांतिका घराची झाली. दुसरा बदल त्याहून खोल आहे. लिअर राजा आहे, बेलवलकर राजांच्या भूमिका करणारा नट आहे. त्यामुळे त्याची स्वगते म्हणजे एकाच वेळी आठवण, अभिनय आणि आक्रोश असतात, आणि अंधारात बसलेला प्रेक्षक हा त्याचा खराखुरा प्रेक्षक असतो. 2016 साली महेश मांजरेकरांनी या नाटकाचा चित्रपट केला तेव्हा नाना पाटेकरांच्या चेहऱ्याजवळ कॅमेरा गेला, रामभाऊ या मित्राला विक्रम गोखल्यांच्या रूपाने मोठी जागा मिळाली, पण स्वगत ऐकणारा तो जिवंत प्रेक्षक पडद्यावर आणता येत नाही. मित्र आला तो कदाचित यासाठीच: बोलायला कोणीतरी समोर हवे होते. माझ्या मते नाटकाचे बळ चित्रपटात पुरते उतरले नाही, पण ते का उतरले नाही हे समजून घेणे हाच नाटक या प्रकाराचा उत्तम धडा आहे.

या पद्धतीवरचा पहिला आक्षेप प्रत्येक प्राध्यापक घेईल: मुले चित्रपट पाहतील आणि पुस्तक उघडणारच नाहीत. भीती खरी आहे. पण ती प्रश्न कसा विचारला जातो यावर अवलंबून आहे. मिलिंद बोकील यांची 'शाळा' घ्या. आणीबाणीच्या काळातला नववीचा मुकुंद जोशी स्वतः गोष्ट सांगतो, त्याच्या वयाच्या भाषेत, मित्रांत बोलतात तशा शब्दांत. या कादंबरीवरून 'गमभन' हे नाटक झाले, 2012 साली सुजय डहाके यांचा चित्रपट प्रदर्शित झाला आणि त्याच्या पटकथेला 59व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत रूपांतरित पटकथेचा मान मिळाला. चित्रपटात मुकुंद आपल्याला बाहेरून दिसतो, कादंबरीत आपण त्याच्या डोक्यात असतो. शिक्षकांविषयी, आईवडिलांविषयी, त्याला आवडणाऱ्या शिरोडकर या मुलीविषयी त्याला काय वाटते आणि तो प्रत्यक्षात काय बोलतो, यांतले अंतर कादंबरीच्या प्रत्येक पानावर आहे. हे अंतर पडद्यावर कुठे गेले असे विचारले तर पुस्तक न वाचता उत्तर देता येणार नाही. 'सिंहासन'चेही तसेच. अरुण साधूंच्या 'मुंबई दिनांक' आणि 'सिंहासन' या दोन कादंबऱ्यांतून विजय तेंडुलकरांनी एक पटकथा केली, जब्बार पटेलांनी 1979 साली चित्रपट केला आणि निळू फुल्यांच्या दिगू टिपणीस या पत्रकाराच्या नजरेने सत्तेचा सारा गुंता एका धाग्यात आणला. दोन कादंबऱ्यांतले काय गळाले हे दोन्ही कादंबऱ्या वाचल्याशिवाय कसे कळेल? तुलना हे काम असे आहे की त्यात एक बाजू टाळता येत नाही.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे आणि तो मला पुष्कळ अंशी मान्य आहे. रूपांतराच्या नादाने साहित्य म्हणजे कथानक असा समज होईल, आणि ज्यात कथाच नाही अशी कविता अभ्यासाच्या कडेला पडेल. भावकवितेचा चित्रपट होत नाही हे खरे. पण मराठीत कवितेचे एक रूपांतर घरोघरी ऐकले जाते, ते म्हणजे चाल. ग्रेस यांच्या कवितेला हृदयनाथ मंगेशकरांनी चाल दिली तेव्हा कोणता शब्द लांबवायचा, कोणती ओळ पुन्हा यायची, कुठे थांबायचे हे ठरवले गेले, आणि ऐकणाऱ्याच्या मनात त्या कवितेचा एक अर्थ कायमचा बसला. कागदावर वाचताना तीच कविता अनेक ठिकाणी मोडून पाहता येते. छापील कविता आणि गायलेली कविता शेजारी ठेवली तर यती, लय आणि पुनरुक्ती हे शब्द परीक्षेपुरते राहणार नाहीत. तरीही बा. सी. मर्ढेकरांच्या कित्येक कवितांसारख्या कविता दुसऱ्या कुठल्या रूपात जायला नकार देतात. त्या तशाच वाचल्या पाहिजेत. रूपांतर जिथे अडते ती जागाही त्या प्रकाराबद्दल काही सांगते, पण तेवढ्यासाठी त्या कवितेला परीक्षेचा नमुना बनवण्याची गरज नाही.

तिसरा आक्षेप असा की कथा, कादंबरी, नाटक ही चौकटच इंग्रजी अमदानीत पक्की झाली, तेव्हा तिच्यावर उभारलेला अभ्यास अभंग, पोवाडा, लावणी, तमाशा यांना न्याय देणार नाही. हा आक्षेप माझ्या म्हणण्याला पाठिंबाच देतो. 1728 साली जॉन गे यांचा 'बेगर्स ऑपेरा' लंडनमध्ये आला, 1928 साली ब्रेख्त यांनी बर्लिनमध्ये त्याचा 'थ्रीपेनी ऑपेरा' केला, आणि 1978 साली पु. लं.नी त्याला 'तीन पैशाचा तमाशा' हे मराठी रूप दिले, जे थिएटर अकादमीने जब्बार पटेलांच्या दिग्दर्शनाखाली सादर केले. गण, गवळण, बतावणी यांची तमाशातली चौकट प्रेक्षकाशी थेट बोलते आणि नाटक चालू आहे याचा त्याला विसर पडू देत नाही. ब्रेख्त यांना जे साधायचे होते ते तमाशाला परंपरेनेच साधत होते. तमाशाच्या घडणीकडे गंभीरपणे पाहायला या रूपांतराने भाग पाडले.

दलित आत्मकथनांचा प्रश्न वेगळा आणि अधिक नाजूक आहे. दया पवारांचे 'बलुतं' 1978 साली आले तेव्हा रूढ आत्मचरित्राची मापे त्याला लागू पडेनात. मोठ्या माणसाने उतारवयात सांगितलेली कृतार्थ जीवनकथा असे त्याचे स्वरूप नव्हते. असे लेखन रूपांतरित करताना 'मी' कोणाचा, हा प्रश्न टाळता येत नाही. ऊर्मिला पवार यांचे 'आयदान' सुषमा देशपांडे यांनी रंगमंचावर आणले तेव्हा लेखिकेचा एक 'मी' तीन अभिनेत्रींत वाटला. एका बाईची जीवनकथा अनेक बायकांची आहे हे त्यातून ठसले. त्याचबरोबर अनुभवाची साक्ष आणि अभिनय यांतली रेषाही प्रेक्षकाला जाणवत राहिली. आत्मकथनाचा वाचकाशी असलेला करार, की हे मी जगलो आहे, रंगमंचावर तसाच्या तसा राहत नाही. असा प्रश्न अठरा वर्षांच्या मुलामुलींपुढे ठेवायला काही अध्यापक कचरतात, पण या वयात तो पेलतो, आणि जातीच्या अनुभवाचे साहित्य वरवरच्या सहानुभूतीने वाचण्यापेक्षा असे वाचणे अधिक प्रामाणिक आहे.

उरतो तो वेळेचा प्रश्न. सहा महिन्यांच्या सत्रात पाच पुस्तके उरकण्याची सवय असलेल्या महाविद्यालयांत एका कथेची चार रूपे वाचायला वेळ कुठून आणायचा? उत्तर सोपे आहे, फक्त धैर्य लागेल: पुस्तके कमी करावीत. शकुंतलेचे आदिपर्वातले आख्यान काही पानांचे आहे, ययातीचेही. गीतरामायणातली चार गीते आणि त्यांच्या मागचे वाल्मीकींचे सर्ग दोन आठवड्यांत होतात. संगीत नाटकाचा एक प्रवेश आणि 'कट्यार काळजात घुसली' या 1967 सालच्या नाटकाचा 2015 चा चित्रपट यांतून एक प्रसंग घेतला, तरी गायक-नटाला वन्समोअर मिळतो तेव्हा काय घडते आणि पडद्यावरचे गाणे आहे तेवढेच का राहते, हे एका तासात बोलता येते. अडचण खरी आहे ती प्रश्नपत्रिकेत. 'नाटकाचे घटक सविस्तर लिहा' असा प्रश्न जोवर येतो तोवर कोणताही शिक्षक घटकच शिकवील आणि कोणताही विद्यार्थी तेच पाठ करील. विद्यापीठांच्या मराठी अभ्यास मंडळांकडे मागणी एवढीच आहे: पहिल्या वर्षाच्या एका प्रश्नपत्रिकेत तरी एकाच प्रसंगाचे दोन उतारे दोन प्रकारांतले छापा, आणि काय बदलले व का बदलले ते विद्यार्थ्याला त्याच्या शब्दांत लिहू द्या.